मधला तास

शिक्षकांनी घर आणि नोकरी यांचा तोल कसा सांभाळावा, यावर मध्यंतरी आम्हाला प्रशिक्षण मिळालं. रविवारी. तणावमुक्त झाल्याचे फोटो संध्याकाळपर्यंत ग्रुपवर टाकायचे होते, तेवढाच काय तो ताण.

माझं म्हणणं असं, की हा तोल घरी साधत नाही आणि शाळेतही नाही. तो साधतो नाशिकच्या पेठ नाक्यावर, गाडीचं दार लागल्यावर. पेठ तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांना अप-डाउन करणाऱ्या आम्हा मंडळींची वर्गणीची गाडी आहे. निघताना डोक्यात दूधवाल्याचा हिशोब, लेकाचा तसाच परत आलेला डबा, सासूबाईंचा चष्मा. पोचल्यावर पोषण आहाराच्या तांदळाची नोंद, यू-डायस पोर्टलवर शाळेची माहिती, बीएलओ म्हणून मतदारयाद्या. मधे सावळघाट. घाटात रेंज जाते आणि ‘तात्काळ’ म्हणून आलेला निरोप आपोआप सावकाश होतो.

गाडीत सरही आहेत. तोल कसा सांभाळता, असं त्यांना आजवर कुणी विचारलेलं नाही. सातव्या वेतन आयोगाचा हप्ता जमा झाला का, एवढंच काय ते विचारलं. पण परतीच्या वाटेवर मेथीची जुडी सुटली की तेही न सांगता निवडू लागतात. घरी गेल्यावर हे कौशल्य ते लपवून ठेवतात, असा त्यांच्या सौभाग्यवतींचा दाट संशय आहे.

2009च्या शिक्षण हक्क कायद्यात 27वं कलम आहे. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून दुसरं अशैक्षणिक काम शिक्षकाला देता येत नाही, असं ते सांगतं. तीनच अपवाद! घरालाही असं एखादं कलम असतं, तर नणंदेच्या मुलीची मेंदी आपत्तीत मोडते की निवडणुकीत, हे निदान ठरवता आलं असतं.

रजेचं गणित मात्र सोपं आहे. 2018 साली राज्य सरकारने महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपन रजा दिली: मूल 18 वर्षांचं होईपर्यंत सगळे मिळून 180 दिवस. चौथीतलं पोरही सांगेल, वर्षाला दहा. दिली हे चांगलंच झालं. उरलेल्या 355 दिवसांत मुलाने आपलं आपण वाढावं, एवढीच अपेक्षा.

शिक्षकांनी मुख्यालयी, म्हणजे शाळेच्याच गावी राहावं, हा सरकारचा आग्रह जुना आहे, आणि मुलांच्या बाजूने पाहिलं तर रास्तही. राहीन मी. फक्त गाडीतला हा मधला तास जाईल, त्याच्या बदल्यात किरकोळ, अर्जित, वैद्यकीय, बालसंगोपन या यादीत आणखी एका रजेची भर घालावी: रोजची, एका तासाची. कारणाच्या रकान्यात लिहीन, ‘या वेळेत अर्जदार कुणाचीच कुणी नाही.’

अर्ज तेवढा ऑनलाइन भरायला लावू नका.