काका आणि फोंताइन्हास

माधवनगरच्या माणसाला डोंगराचं भारी अप्रूप. सपाटीवर वाढल्यामुळं आम्हाला रेल्वेचा पूलसुद्धा चढ वाटतो. त्यामुळं ‘डोंगराच्या कुशीत पोर्तुगीज गाव’ असं कुणीतरी म्हटल्याबरोबर काकांनी गाडी ठरवली आणि आत्यानं भडंगाचा डबा भरला. चोर्ला घाटात निम्मी मंडळी गाडी लागून आडवी झाली. पणजीत पोचल्यावर कळलं, डोंगर म्हणजे आल्तिनोची टेकडी आणि गाव म्हणजे तिच्या पायथ्याचा फोंताइन्हास.

“ह्यापेक्षा आमचा दंडोबा उंच हाय,” काका म्हणाले.

पण गल्लीत शिरल्यावर तेही गप्प झाले. निळ्या, पिवळ्या, गेरूच्या भिंती, त्यांना पांढरी किनार, वर कौलं, एका खुर्चीपुरते सज्जे. मोझांबिकहून पैसा कमावून आलेल्या सिक्वेरांची इथं नारळाची बाग होती. लोक त्यांना मोसमीकर म्हणत. १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली आणि वस्ती वाढत गेली. पावसाळा सरला की घर रंगवायचंच, असा सरकारी दंडक होता म्हणतात. पांढरा रंग तेवढा चर्चसाठी राखीव.

“आमच्या सोसायटीवर एखादा पोर्तुगीज नेमा रे,” आत्या कळवळून म्हणाली.

सेंट सेबॅस्टियन चॅपेलमधला क्रूस जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मन्यायालयाच्या, वाड्यातला. त्यावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत. समोर उभ्या केलेल्याला धाक बसावा म्हणून, असं सांगतात. आत्यानं पदर सावरला आणि भडंगाचा डबा पाठीमागं घेतला.

घरांवर ‘फोटो काढू नका’ अशा पाट्या होत्या. भाच्यानं पाटीसकट फोटो काढला.

“जुनं जपावं तर ह्या लोकांनीच!” काका गहिवरले. याच काकांनी आमचा चौसोपी वाडा पाडून चार मजले उठवले, सागवानी खांब विकून लिफ्ट बसवली. लिफ्ट बहुतेक बंदच असते. खांब कोल्हापूरच्या कुठल्याशा हॉटेलात आहेत आणि तिथं जेवायला गेलं की काका ते पाहुण्यांना कौतुकानं दाखवतात.

एका दारात म्हातारे गृहस्थ बसले होते. काकांनी घराची तोंडभरून स्तुती केली.

“पावसांत गळटा,” ते म्हणाले, “तें फोटोंत दिसना.”

काकांना एकदम जवळचं माणूस भेटलं. खिशातून कार्ड काढून म्हणाले, “आमच्याकडं एक बिल्डर हाय. वर्षात चार मजले करून देतो. गळती नाही, काही नाही. खांबांनाबी गिऱ्हाईक आहे.”

म्हाताऱ्यांनी कार्ड वाचलं, परत दिलं, आत जाऊन दार लावून घेतलं.

“मुलाला विचारून सांगतील,” काका म्हणाले.