रोषणाईचा ताल

संगीतासाठी स्वस्तातला लॅपटॉप मागितला की दुकानदार हमखास गेमिंगवाला पुढे सरकवतो: सप्तरंगी कीबोर्ड, दणदणीत ग्राफिक्स कार्ड. तबल्याचा आवाज काढण्यात त्या कार्डाचा हातभार जवळपास शून्य. पंख्याची घरघर मात्र माइक इमानेइतबारे टिपतो. खरी परीक्षा वेळ पाळण्याची. ४४,१०० हर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे आवाजाला सुमारे ३ मिलिसेकंदांचा उशीर. मशीन धापा टाकतंय म्हणून तो १,०२४ केला की २३, म्हणजे वादक स्पीकरपासून आठेक मीटर लांब बसल्यासारखा. कुणी म्हणेल, मंचावर तर जो तो मॅकच उघडून बसतो. बसतो खरा, आणि त्याची ध्वनिव्यवस्था चोखही आहे. पण कचेरीतून निवृत्त झालेला थिंकपॅड, १६ जीबी रॅम, एसएसडी आणि बऱ्या ड्रायव्हरचा ऑडिओ इंटरफेस एवढ्या ऐवजावर, वाय-फाय बंद ठेवून, कार्यक्रम निभावता येतो. प्रेक्षकांना झाकणावरचं सफरचंद तेवढं दिसणार नाही.