हौशी बल्लवाचा व्यवसायप्रवेश

स्वयंपाकाची जन्मजात आवड उपजीविकेचे साधन कशी बनते, याचा विचार करणाऱ्याने प्रथम ‘हौशी बल्लव’ हा वर्ग नीट ओळखून घेतला पाहिजे. ज्याला आमटीपेक्षा आमटीची स्तुती अधिक रुचते, जो रविवारी सकाळी ओट्याशी उभा राहतो आणि ज्याच्यासाठी कांदा चिरून, खोबरे खवून व डाळ शिजवून तयार असते, असा गृहस्थ येथे अभिप्रेत असून प्रस्तुत लेखक हा या वर्गाचा, निदान स्वतःच्या मते, तहहयात अध्यक्ष आहे. “हॉटेल काढा, तुफान चालेल” हा उद्गार पाहुण्याच्या तोंडून दुसऱ्यांदा रस्सा घेताना निघतो आणि हात धुताना तो विसरला जातो, हे या वर्गाला सहसा उमगत नाही.

या वर्गाची वंशावळ मात्र भक्कम आहे. महाभारतात भीम विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव या नावाने राबला, तर नलराजा बाहुक बनून ऋतुपर्णाच्या चाकरीत राहिला. दोघांनीही नाव लपवले, आणि नलाविषयीचा दमयंतीचा संशय बळावला तो त्याच्या हातचे मांस चाखल्यावर. आधुनिक बल्लवाने या क्रमात एवढीच सुधारणा केली आहे की, पदार्थ कोणी चाखण्याआधीच तो आपल्या नावाची कार्डे छापून घेतो. प्रस्तुत लेखकाच्या कार्डावर नावाखाली ‘पाकतज्ज्ञ’ अशी अक्षरे आहेत, आणि ती सोनेरी आहेत.

विषयांतराचा दोष पत्करून येथे अनारशाचा विचार करणे भाग आहे, कारण छंद आणि धंदा यांची सीमारेषा याच पदार्थावरून जाते, असे लेखकाचे ठाम मत आहे. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, मग उपसून फडक्यावर पसरायचे, पण खडखडीत वाळू द्यायचे नाहीत. किंचित दमट असतानाच ते दळून, पीठ बारीक चाळून, त्यात किसलेला गूळ आणि थोडे तूप मिसळून गोळे डब्यात मुरत ठेवायचे. पुढे खसखशीवर पुरी थापून ती खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायची, उलटायची नाही आणि झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचे. इतके केल्यावर अनारशाला जाळी, म्हणजे बारीक छिद्रांची नक्षी, पडते, किंवा पडत नाही. गुळाचे प्रमाण थोडे वाढले की तो कढईत पसरून विरघळतो, आणि या दुर्घटनेला स्वयंपाकघरात ‘अनारसा हसला’ असे म्हणतात. घरचा अनारसा हसला तर घरही हसते आणि चुरा दुधात कालवून फस्त करते. ऑर्डरचा अनारसा हसला तर तूप, गूळ, तीन दिवसांची मेहनत आणि ग्राहकाने दिलेला ॲडव्हान्स हे सारेच खदाखदा हसू लागतात. हौशी माणसाचा मुहूर्त चुकला तर तुळशीच्या लग्नाला अनारसे करण्याची त्याला मुभा असते, परंतु धंदेवाइकाला डबे धनत्रयोदशीच्या आत पोचवावे लागतात, आणि मुरत पडलेल्या पिठाला कालनिर्णय वाचता येत नाही.

हौशी बल्लवाचा दुसरा अभिमान म्हणजे ‘अंदाज’. कमलाबाई ओगले यांनी १९७० साली ‘रुचिरा’ या पाककृतींच्या पुस्तकातून वाटी-चमच्याची मापे देऊन नवख्यांना आधार दिला, कोणाच्याही हातून पदार्थ पुन्हा तसाच उतरावा, ही धंद्याची पहिली अट त्यात आपोआप पाळली गेली. हौशी बल्लवाला मात्र आपली आमटी पुन्हा तशी न होणे हेच प्रतिभेचे लक्षण वाटते.

यापुढे दराचा प्रश्न येतो आणि विनोद आटू लागतो. किराणा, गॅस, डबे आणि चौदा आकडी अन्न परवाना क्रमांक यांचा हिशेब ग्राहक मान्य करतो, पण मजुरीच्या रकान्याशी येताच “घरचंच तर आहे, मग एवढे कसे?” असा प्रश्न निघतो. मॉलमधल्या कॉफीचे बिल निमूट चुकवणाऱ्या माणसाने हे विचारावे याचा संताप येतो, आणि तो ओसरल्यावर ध्यानात येते की त्याला घरातूनच ही शिकवण मिळाली आहे. तेथे पिढ्यान्‌पिढ्या या रकान्यात शून्यच मांडले गेले. मुंबईच्या गिरणगावातील खानावळवाल्या, म्हणजे आपल्या चाळीतल्या खोलीत गिरणी कामगारांना महिनेवारीने जेवू घालणाऱ्या बायका, यांना स्वयंपाकाची आवड आहे का, असे कोणी विचारले नसावे. जेवण रोजचे आणि पैसे पगार झाल्यावर, मधल्या दिवसांत वाणी आणि सावकार, अशी ती कसरत होती. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारून या बायकांना बँकेच्या कर्जाची वाट मोकळी करून दिली. त्यांच्यापैकी कोणाजवळ सोनेरी कार्ड असल्याचे ऐकिवात नाही.

प्रस्तुत लेखकाने आपल्या दरपत्रकात स्वतःच्या तासांना भरघोस मोबदला लावला, तेव्हा घरातून शांतपणे सूचना आली की, तोच दर आजवर चिरलेल्या कांद्यांना आणि रविवारी दुपारी घासलेल्या कढयांनाही थकबाकीसह लावावा. त्या बेरजेपुढे व्यवसायाचे भांडवल अपुरे ठरल्याने भागीदारीचा तोडगा निघाला. कार्डाच्या दुसऱ्या छपाईत दोन नावे आहेत, त्यांत लेखकाचे खाली आहे, आणि शाई साधी काळी आहे.