लेव्हल थ्रीच्या वहिनी

लंडनकडच्या स्लाऊ, हाउन्स्लो, हॅरो या पट्ट्यात मराठी घरांत डोकावलं, की दोन-चार घरांआड एक वहिनी ऑनलाइन कोर्स करताना सापडतात. टीए, म्हणजे टीचिंग असिस्टंट, नाहीतर चाइल्डकेअर. त्यांचे अहो आयटीत. वहिनी मूळच्या ठाण्याच्या, एम.एस्सी. बी.एड. नववीच्या पन्नास पोरांना नुसतं चष्म्यावरून बघून गप्प बसवायच्या. इथे टीएला पात्रतेची अमुकच लेव्हल हवी असा कायदा नाही, ज्या त्या शाळेची मर्जी, पण शाळा विचारतात, "लेव्हल टू झाली का?" ठाण्याची पन्नास पोरं त्यात धरत नाहीत.

अभ्यास रात्री, ओटा आवरल्यावर. लेखी परीक्षेचा पत्ता नाही, नुसत्या असाइनमेंटा. लेव्हल थ्रीला शाळेत किंवा नर्सरीत बिनपगारी प्लेसमेंट लागते. ती मिळेपर्यंत वहिनींचा हात घरच्यांवर साफ होतो. पाच वर्षांच्या चिरंजिवांचं ऑब्झर्वेशन मी वाचलंय: "सायं. 6.42. मुलाने पोळीचे बारा तुकडे केले. एकही खाल्ला नाही. बोटांच्या बारीक स्नायूंचा विकास समाधानकारक." पूर्वी याच पोळीवरून घर डोक्यावर घेतलं जायचं.

अहोंचीही सुटका नाही. "वा! आज तुम्ही आपणहून ताट सिंकमध्ये ठेवलंत. तुमचा प्रयत्न मला आवडला." कौतुक नेमकं करावं, असं युनिट चारमध्ये आहे म्हणे. बिचारे अहो दोन दिवस संशयाने वावरले.

खरा कस लागतो फोनिक्समध्ये. इथली पोरं एबीसीडीने सुरुवात करत नाहीत; आधी एस, ए, टी, पी, आय, एन यांचे आवाज. तेही शुद्ध. 'म' म्हणायचं नाही, ओठ मिटून नुसतं 'म्म्म'. जन्मभर बाराखडी घोकलेल्या वहिनींनी अख्ख्या वर्णमालेचे पाय मोडले. आता भाजी ढवळतानाही 'स्स्स' चालू असतं. तेव्हा चटका बसला की सराव चाललाय, हे घरच्यांना कळत नाही.

मंडळाच्या गणपतीत पोरं एका खोलीत कोंबली, की वहिनी दारातच थबकतात. दोन वर्षांखालच्या तिघांमागे एक मोठं माणूस, दोन वर्षांच्या पाचांमागे एक. 2023च्या सप्टेंबरपर्यंत चौघांमागे होतं. हे नियम नर्सरीचे, आरतीचे नव्हेत. पण सांगणार कोण? "इथे नऊ पोरं आणि आपण दोघीच. त्या काकू झोपल्यात, त्या रेशोत धरता येत नाहीत."

पियाजे, व्हायगॉट्स्की, बोल्बी ही बालमानसशास्त्रातली मंडळी तर आता घरचीच झालीत. वहिनींनी एका असाइनमेंटमध्ये ताराबाई मोडकही घातल्या: 1945 साली बोर्डीत गावातल्या पोरांसाठी काम सुरू केलं, आणि पानं, खडे, शंख-शिंपले हेच शिकवायचं साहित्य मानलं. असेसरचा शेरा आला: छान, पण ही व्यक्ती यादीत नाही. (माझ्या मते यादीच दुरुस्त करायला हवी होती.)

मग आलं शिस्तीचं युनिट. वहिनी साताऱ्याला सासूबाईंना फोनवर समजावत होत्या, "आई, नर्सरीत मुलाला हात लावायचा नाही. स्कॉटलंडने 2020 साली आणि वेल्सने 2022 साली आईबापांनाही बंदी केली. इंग्लंडमध्ये मात्र आईबापांना 'वाजवी शिक्षे'ची पळवाट अजून आहे."

सासूबाईंनी विचार केला. "म्हणजे धपाटा स्लाऊत चालतो, कार्डिफला नाही?"

"तसंच काहीसं."

"मग कार्डिफला सहलीला निघायच्या आधीच देऊन ठेवत जा."

वहिनींनी हे 'कुटुंबातील विविध दृष्टिकोन' या मथळ्याखाली जसंच्या तसं लिहून धाडलं. असेसरने कळवलं: उदाहरण उत्तम, फक्त सिद्धांत कोणाचा, त्याचा संदर्भ द्यावा. वहिनींनी त्याच रात्री जोडला: सासूबाई, सातारा, दूरध्वनीवरून.