हायड्रापुढे चालणारा पोरगा

कोलकात्यातला बेहाला चौरस्ता, सकाळचे दहा. डायमंड हार्बर रोडच्या कडेने एक पिवळी क्रेन चालली होती. बूमच्या, म्हणजे तिच्या लांब हाताच्या, टोकाला पट्ट्यात अडकवलेला जनरेटर. तो डोलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून चालणारा एक पोरगा. पायात रबरी चप्पल.

पोरगा उलट पावली चालत होता. तोंड क्रेनकडे, पाठ रहदारीकडे.

ऑपरेटरला तो दिसत होता का? छे. डोळ्यांसमोर बूम, बूमपुढे जनरेटर आणि जनरेटरच्या पलीकडे पोरगा. ऑपरेटर त्याच्या हाळीवर चालला होता. मागून बसने हॉर्न दिला आणि हाळीही बुडाली.

ही क्रेन आपल्याही ओळखीची आहे. भोसरीत, कळंबोलीत, कोल्हापुरात तिला एकच नाव, हायड्रा. मुळात ते एस्कॉर्ट्स कंपनीच्या क्रेनचं नाव. आता कुणीही बनवलेली असो, ती हायड्राच. कुठलंही वनस्पती तूप जसं डालडा.

मोठ्या क्रेनसारखे जमिनीवर टेकवायचे पाय हिला नसतात. वजन उचलायचं, टायरांवर पेलायचं आणि घेऊन चालायचं. मधोमध सांधा असतो, वळताना कमरेतून मोडते. गल्लीत शिरते, फोन केला की दारात येते. इतकी घरगुती झालेली वस्तू जीव घेईल, हे कुणाच्या मनातच येत नाही.

पुढे चहाच्या टपरीवर ऑपरेटर भेटला. दादा, शिकलात कुठे? उत्तर एका शब्दात आलं, "ओस्ताद." दोन वर्षं हेल्परी केली, ओस्ताद जेवायला उतरला की लीव्हर हातात घेतले. मग ओस्तादने मालक बदलला आणि रिकाम्या सीटवर हा बसला. झालं शिक्षण.

लायसन्स? आहे. खिशातून काढून दाखवलं. अगदी खरं होतं.

पण लायसन्स रस्त्यावर गाडी चालवण्याचं. आरटीओच्या मैदानात गाडी मागे घ्यायला लावतात, वळायला लावतात. हुकाला दोन टन लटकवून वळायला कोण लावतं? क्रेन रस्त्यावरून नेता येणं आणि क्रेनने वजन उचलता येणं ही दोन वेगळी कामं आहेत. परीक्षा पहिल्याची होते. माणसं दुसऱ्यात मरतात.

कॅबिनमध्ये एक तक्ता चिकटवलेला होता. कोपरा उसवलेला, मजकूर इंग्रजीत. हे काय आहे, विचारलं. "कंपनीने लावलंय."

तो लोड चार्ट होता. त्या यंत्रावरचा सगळ्यात मोलाचा कागद.

तो काय सांगतो, ते आपल्याकडे पाणी भरणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे. भरलेली कळशी कमरेवर घेतली की ती मैलभर चालेल. तीच कळशी हात लांब करून धरायला सांगा. दहा पावलं जमायची नाहीत. कळशीचं वजन वाढलं का? नाही. अंतर वाढलं.

क्रेनचंही तेच. "चौदा टन उठाती है," ऑपरेटर अभिमानाने म्हणाला. उचलते ना. बूम आखडलेला, वजन अगदी पुढ्यात, जमीन सपाट, चाकं सरळ, तेव्हा. बूम पूर्ण लांबवला की तेच यंत्र टन-दोन टनांवर येतं. वळताना कमरेतून मोडलं की आणखी कमी. एक चाक खड्ड्यात गेलं की त्याहून कमी. चौदाचा आकडा मात्र बाजूला ठळक रंगवलेला, तो कधीच कमी होत नाही.

मग वजन जास्त झालं हे कळतं कसं? "पीछे का चक्का हल्का हो जाता है."

मागचं चाक हलकं होणं हा इशारा नव्हे. मर्यादा कधीच ओलांडून झालेली असते, चाक ते उशिरा सांगतं. तरी तोल सावरायला क्रेनच्या मागच्या बाजूला तीन-चार माणसं उभी केलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहेत. माणसं, वजन म्हणून!

बेहाल्यातल्या या डायमंड हार्बर रोडच्या डोक्यावरून आता मेट्रो धावते. २०१० साली तिची कोनशिला प्रतिभाताई पाटलांच्या हस्ते बसली, त्या तेव्हा राष्ट्रपती होत्या. जोका ते तारातला हा साडेसहा किलोमीटरचा पहिला तुकडा सुरू व्हायला ३० डिसेंबर २०२२ उजाडलं. बारा वर्षं. एवढ्या काळात इथे क्रेनवाल्यांची एक पिढी कामाला लागली. त्यातले वर्गात किती बसले?

मधल्या काळात, ४ सप्टेंबर २०१८ ला, याच रस्त्यावरचा माझेरहाट पूल कोसळला. तीन जण गेले. दोष क्रेनचा नव्हता. पण मेट्रोच्या कामावरचे मजूर त्या पुलाच्या आडोशालाच झोपडी करून राहत होते. नवा पूल ३ डिसेंबर २०२० ला खुला झाला, नाव ठेवलं जय हिंद सेतू. पूल नवा झाला. पुलाखाली राहणाऱ्याची किंमत तीच राहिली.

आपण महाराष्ट्रात वेगळे आहोत का? ३१ जुलै आणि १ ऑगस्ट २०२३ च्या मधल्या रात्री शहापूरजवळ सरलांब्याला समृद्धी महामार्गावर गर्डर चढवणारं अजस्र यंत्र कोसळलं, २० माणसं गेली. त्याची देशभर बातमी झाली, व्हायलाच हवी होती. हायड्राखाली मात्र माणूस एकेकटा मरतो. एकट्याला आतल्या पानावर चार ओळी मिळतात. शेवटची ओळ ठरलेली, चालकावर गुन्हा दाखल.

गुन्हा चालकावर. त्याला न शिकवता सीटवर बसवणाऱ्यावर काय?

कायदा नाही असं नाही. कारखाने कायदा १९४८ सालचा. त्याचं २९ वं कलम सांगायचं, उचल यंत्रांची, साखळ्यांची, दोरांची वर्षातून एकदा तरी जाणकाराकडून कसून तपासणी करा. बांधकाम मजुरांचा कायदा १९९६ चा, त्याचे केंद्रीय नियम १९९८ चे. ऑपरेटर अठरा वर्षांवरचा हवा, पुरेसा जाणता हवा, यंत्राच्या धोक्यांची त्याला माहिती हवी, असं ते नियम सांगत आले.

अडचण आकड्याची आहे. बांधकाम मजुरांचा कायदा दहा कामगारांपासून सुरू व्हायचा. २१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या, सुरक्षेच्या संहितेतही दहाचाच उंबरठा. सोसायटीच्या गच्चीवर पाण्याची टाकी चढवायला किती माणसं येतात? ऑपरेटर, हेल्पर, ठेकेदार आणि दोन मजूर. पाच. कायदा दहापासून मोजतो, बूमखाली उभा असलेला पोरगा एकटा असतो.

बेहाल्याला लागूनच तारातला. तिथे १९४९ पासून जहाजांचे इंजिनिअर तयार होतात, आता ते इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीचं आवार आहे. चार वर्षांचं शिक्षण. त्याच तारातला रोडवर हॉटेल मॅनेजमेंटची सरकारी संस्था आहे. स्वयंपाक आणि पाहुणचार शिकायला तिथे मुलं काही वर्षं घालवतात. छान आहे, शिकलेल्या हाताला चव येतेच. आणि या दोन्ही फाटकांसमोरून हायड्रा जाते, तिच्यावरचा माणूस ओस्तादच्या जेवणाच्या सुट्टीत शिकलेला.

शिकवायचं म्हणजे तरी काय? फार नाही. पण जे आहे ते जीवन-मरणाचं.

उचलण्याआधी वजन विचारा, अंतर मोजा, तक्ता बघा. आधी वीतभरच उचला, थांबा, तोल पाहा, मगच पुढे. चालताना वजन जमिनीलगत ठेवा, डोक्याएवढं वर नको. ते डोलू नये म्हणून दोरी बांधा, दोरी लांबून धरा. हात लावायचा नाही. त्या पोराच्या हातात दहा-पंधरा फुटांची दोरी असती, तर तो चाकापासून बाजूला असता. दोरीची किंमत काय असते हो?

पट्ट्याचं गणित तर शाळेतलं. दोन पायांचा पट्टा उभट असेल तर वजन दोघांत वाटलं जातं. तो आडवा होत गेला की ताण वाढत जातो. जमिनीशी ३० अंशांचा कोन झाला की प्रत्येक पायावर अख्ख्या वजनाएवढा ताण येतो. पट्टा तुटला की आपण म्हणतो माल कच्चा होता. पट्टा बऱ्याचदा चांगलाच असतो, कोन चुकलेला असतो.

आणि वीज. बूम वरच्या तारेला लागला तर ऑपरेटरने कॅबिनमध्येच बसून राहायचं, सगळ्यांना लांब हाकलायचं. आग लागली, उतरावंच लागलं, तर दोन्ही पाय जोडून बाहेर उडी मारायची. एक हात यंत्राला आणि एक पाय जमिनीला, असं क्षणभरही नको. हे एका दुपारी शिकवून होतं. ज्याला कुणी सांगितलेलं नसतं तो घाबरून पायरीवरून उतरतो, दांडा धरून. आणि वजनाला हात लावून उभा असलेला हेल्पर? त्याला तर उतरायलाही जागा नसते.

म्हणून माझा आग्रह आहे, ऑपरेटरबरोबर हेल्परलाही शिकवा. आधी हेल्परलाच शिकवा. मार त्याला बसतो आणि उद्याचा ऑपरेटरही तोच आहे.

अभ्यासक्रम आहेत का? आहेत. इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिल याच कामासाठी आहे, अशा यंत्रांवरच्या कामगारांना प्रमाणपत्र मिळू शकतं. क्रेन भाड्याने घेणारा ते मागतो का? तो दर विचारतो, वेळ विचारतो, डिझेल कुणाचं ते विचारतो. सिंगापुरात मोबाइल क्रेन चालवणाऱ्याला सरकारदरबारी नोंद करावी लागते, त्याशिवाय लीव्हरला हात नाही. तिथल्या बांधकामावरही आपलीच माणसं राबतात. तिथे शिकू शकतात, इथे नाही?

मोठ्या कंपन्यांना हे उमगलंय. कित्येकांनी जुन्या धाटणीची हायड्रा आपल्या आवारातून हद्दपार केली आणि पुढचं नीट दिसणाऱ्या कॅबिनच्या क्रेन आणल्या. चांगलं केलं. पण बाहेर घालवलेल्या त्या क्रेन भंगारात गेल्या का? सगळ्या नाही. त्या गल्लीत आल्या. तुमच्या-माझ्या गल्लीत.

सणावाराला तर आपण कडेलोट करतो. दहीहंडी क्रेनला, नेत्याचा हार क्रेनला. दसऱ्यानंतर कोलकात्यात हुगळीच्या घाटावर विसर्जित मूर्तींचे सांगाडे क्रेनने काढतात, ते काम नदीसाठी गरजेचं आहे, रिकामं मैदान राखून करता येतं. पण माणसांनी क्रेनवर चढायचं? जानेवारी २०२३ मध्ये तमिळनाडूत अरक्कोणमजवळ मंदिराच्या उत्सवात हार घ्यायला माणसं क्रेनवर चढली होती. क्रेन कलंडली. माणसं दगावली. ते यंत्र माल उचलायचं आहे, माणसं नव्हे, एवढं एक वाक्य कुणी ठणकावून सांगितलं असतं तर?

सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा असते. त्या दिवशी बेहाल्यातल्या क्रेनला हार पडतो, गंध लागतं, आभाळात पतंग उडतात. आपल्याकडे दसऱ्याला झेंडू. मला ही पूजा मनापासून आवडते. यंत्रापुढे हात जोडणारा माणूस यंत्राला क्षुल्लक मानत नाही. त्याच दिवशी तासभर हार बाजूला सारून तो तक्ता वाचून दाखवा. बंगालीत, हिंदीत, मराठीत, ऑपरेटरची जी भाषा असेल तीत. कंपन्यांनी तक्ता त्या भाषेत छापून द्यावा. स्टिकरच तर आहे.

आणि वाचकहो, आपलंही काम आहे. सोसायटीत टाकी, जनरेटर, लिफ्टची मोटर येणार असेल, तेव्हा क्रेन बोलावणारे आपणच असतो. सेक्रेटरीने फोनवर तीन गोष्टी विचाराव्यात. ऑपरेटर कुठे शिकला? क्रेनची शेवटची तपासणी कधी झाली? इशारे कोण देणार? उत्तर नीट आलं नाही तर दुसरा नंबर फिरवावा. टाकी एक दिवस उशिरा चढेल.

ऑपरेटर म्हणाला, हे जमणार नाही, तर त्याच्यावर ओरडू नका. नाही म्हणणारा ऑपरेटर सगळ्यात चांगला शिकलेला असतो.

शेवटी, इशाऱ्यांचा नियम लक्षात ठेवा. क्रेनला इशारे एकाच माणसाने द्यायचे असतात, दहा जणांनी हात हलवायचे नसतात. त्याला अपवाद फक्त एक, थांब. तो इशारा कुणीही द्यावा आणि ऑपरेटरने तो पाळायलाच हवा. दोन्ही हात आडवे पसरा, तळवे खाली आणि जोरात हलवा. उलट पावली चालणारा पोरगा दिसला की तुम्हीही हात पसरा. मी त्या सकाळी बेहाल्यात पसरले. क्रेन थांबली.