वाटणीला आलेले डोळे

आमच्या घराण्यात विहिरीच्या पाण्यावरून दोन पिढ्या कोर्टात गेल्या. डोळ्यांवरून मात्र कुणी भांडलं नाही. ते ज्याच्या त्याच्या वाट्याला बिनबोभाट आले. हक्कसोडपत्राची सोय असती तर पहिली सही मी केली असती.

थोरल्या आत्याला समोर बसलेल्या सुनेचा चेहरा दिसत नाही, पण कोपऱ्यात सांडलेले शेंगदाणे दिसतात. ‘‘सोयीचं तेवढं दिसतं म्हातारीला,’’ असं घरात बोललं जायचं. डॉक्टरांनी आत्याची बाजू घेतली. दृष्टिपटलाच्या मधोमध जेमतेम पाच-साडेपाच मिलिमीटरचा मॅक्युला असतो. वाचणं, चेहरे ओळखणं, सुईत दोरा ओवणं ही कामं त्याची. उतारवयात तो झिजला, की मधलं जातं आणि कडेचं राहतं.

या झिजेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा. 2005 साली संशोधकांनी ‘कॉम्प्लिमेंट फॅक्टर एच’ या जनुकाकडे बोट दाखवलं. शरीराच्या संरक्षक यंत्रणेला आवर घालणं हे त्याचं काम. त्यात खोट असली, की धोका वाढतो.

हे ऐकल्यापासून काका निर्धास्त. ‘‘रक्तातच आहे म्हटल्यावर बिडी सोडून काय उपयोग?’’ खरं तर जी कारणं आपल्या हातात आहेत, त्यांत धूम्रपानाचा नंबर पहिला. मुळात जनुक असा, त्यात बिडी म्हणजे आगीत तेल.

पालक, मका, अंड्याचा बलक यांतलं ल्युटीन मॅक्युलात जाऊन साठतं. आमच्याकडे पालक ताटाच्या कडेला सारण्याची परंपरा आहे. तिचा जनुक अजून कुणाला सापडलेला नाही. गोळ्याही मिळतात, पण त्या आजार टाळत नाहीत; मधल्या टप्प्यावर त्याचा वेग कमी करतात, एवढंच. 2013 च्या अमेरिकी अभ्यासानंतर त्यांतलं बीटा-कॅरोटीन काढून ल्युटीन घालायचं ठरलं, कारण बीटा-कॅरोटीनमुळे धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढत होता. काकांनी लगेच विचारलं, ‘‘म्हणजे नव्या गोळीवर बिडी चालेल?’’

आता मॅक्युला घरीच तपासायला फ्रिजवर अ‍ॅम्सलरची चौकडी, म्हणजे सरळ रेघांची जाळी, चिकटवली आहे. चष्मा लावून, एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघायचं, मग दुसरा. दोन्ही उघडे ठेवले, तर एक डोळा दुसऱ्याचं उणं झाकून घेतो. भावाभावांत नसलेला हा समजूतदारपणा इथे घातक. माणसं वाकडी दिसू लागली तर फारसं मनावर घेऊ नये, त्याला वय लागत नाही. सरळ रेघ वाकडी दिसली, तर मात्र लगेच डॉक्टर गाठावा.