कॉइलकाका

वाशी-कोपरखैरण्यात खाडीच्या अंगाला ज्या सोसायट्या आहेत, तिथे एक तरी कॉइलकाका सापडतोच. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एखाद्या केमिकल कंपनीच्या मेन्टेनन्स खात्यातून हे गृहस्थ रिटायर होतात. कंपनी सुटते, मेन्टेनन्स सुटत नाही. एसीच्या दुकानात लोक स्टार मोजतात, हप्ता विचारतात. काका विचारतात, "फिन इंचाला किती?" सेल्समन म्हणतो, "सर, वायफाय आहे."

काकांचं चुकत नाही, हीच खरी पंचाईत. एसीच्या कॉइलमधले फिन, म्हणजे पातळ पत्रे, दाट आणि नळी बारीक असली की उष्णता भराभर बाहेर पडते, वीज कमी लागते. पण दाट फिनमध्ये धूळ अडकून राहते, आणि नळीची भिंत पातळ असली तर ती गंजून भोक पडायला वेळ लागत नाही. त्यात तांब्याची नळी, ॲल्युमिनियमचे फिन आणि खारट दमट हवा हे त्रिकूट जमलं की ॲल्युमिनियम आधी झिजतं. म्हणून फिनला निळं कोटिंग हवं. हे सगळं काका आपल्याला समजावून सांगतात, आपला एसी भिंतीवर चढला की मग.

वास्तुशांतीला बोलवावं तर हातात प्रसाद घेऊन ते नव्या वॉर्डरोबचा वास घेतात. "पॉलिश ताजं दिसतंय. गेली कॉइल!" पॉलिश-प्लायवूडच्या वाफांतून आम्लं सुटतात आणि दमट हवेत तांब्याला आतून मुंग्यांच्या वारुळासारखं पोखरतात, हे ऐकून यजमानीणबाईंचा चेहरा उतरतो. काका शिरा पुन्हा घेतात.

मेकॅनिक तर त्यांना टरकून असतात. "अंकल, गॅस कम है," म्हटलं की काका उसळलेच. "बंद नळीतला गॅस कमी होतो कसा? पितो कोण? आधी नायट्रोजन मार, साबणाचं पाणी लाव, बुडबुडा दाखव. मग गॅसचं बोल!" आता मेकॅनिक आधी फोन करून विचारतात, काका घरी आहेत का.

स्वतःच्या आउटडोअरला खारा वारा लागू नये म्हणून काकांनी भोवती बारीक जाळी ठोकली. कॉइल थंड व्हायची ती वाऱ्यानेच. भर मे महिन्यात कॉम्प्रेसर ट्रिप व्हायला लागला. काकू पदराने वारा घेत बसल्या आणि काका बाल्कनीतून ओरडले, "अगं, कॉइल बघ, अजून कशी कोरी करकरीत!"

ओहोटीला खाडीकाठच्या होल्डिंग पाँडवरून कुजकट वास आला की काका खूष होतात. "हायड्रोजन सल्फाइड! तांबं काळं पडणार." पुरावा म्हणून देव्हाऱ्यातलं चांदीचं निरांजन त्यांनी आपल्या ताब्यात घेतलंय. तेही त्याच हवेने काळवंडतं. किती काळवंडलं याची ते दर महिन्याला नोंद करतात. ते घासायला काकूंना सक्त मनाई आहे, "माझं मीटर बिघडेल."

यंदा लक्ष्मीपूजनाला काकूंनी शेजारून निरांजन मागून आणलं.